कवाधरनं?

आमच्या माणदेशात गाय 'दाखवतात'. माजावर आली म्हणजे वळूला दाखवायची, आणि गावोगावचे वळू कमी झाले तशी दवाखान्यात दाखवायची. चांगला मिशीवाला बाप्या असला तरी दारात येऊन "डाक्टर, गाय दावायची हाय" एवढंच म्हणणार. पुढचं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. नंतरचे शब्दही असेच पदराआडचे. ठरली, फळली, गाभ धरला. नाहीतर मग उलटली. या 'उलटली'त मात्र घराचा जीव अडकलेला असायचा. गाय उलटली म्हणजे एकवीस दिवस वाया, तेवढ्या दिवसांची वैरण वाया. तीनदा उलटली की घरात बाजाराची भाषा सुरू.

मी डॉक्टर नव्हे. स्टॉकमन म्हणून नोकरीला लागलो, पुढं त्याचंच पशुधन पर्यवेक्षक झालं. तीस वर्षांतली बहुतेक आटपाडी तालुक्यात काढली. आधी सायकल, मग लूना, मग मोटारसायकल. पण गावानं पहिल्या दिवसापासून डाक्टरच म्हटलं, आणि दहा-वीस वेळा दुरुस्त करून मीही गप्प बसलो.

लागलो तेव्हा रेत थर्मासातून यायचं, बर्फात ठेवलेलं. अंड्याचा बलक आणि सायट्रेटचं पाणी यांत मिसळून पातळ केलेलं. दोन-तीन दिवसांत वापरलं नाही तर कामातून गेलं. एका म्हाताऱ्यानं बलकाचं ऐकून मला विचारलं होतं, "म्हंजे गाईला आमलेट देताय व्हय?" पुढं गोठवलेल्या कांड्या आल्या. द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत, उणे १९६ अंशांत. झाकण काढलं की पांढरा धूर भसकन वर यायचा आणि भोवती जमलेली पोरं दोन पावलं मागं सरायची. एका कांडीत पाव मिलिलिटर, म्हणजे चार-पाच थेंब. त्यात शुक्रजंतू दोन कोटींच्या आसपास. कांडी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसायची, गनमध्ये भरायची. टाकीतून निघालेला जीव त्या अर्ध्या मिनिटात जागा होतो. रेत गोठवताना त्यात ग्लिसरीन घातलं तर शुक्रजंतू मरत नाहीत, हे इंग्लंडात १९४९ साली कळलं. म्हणजे ही विद्या माझ्यापेक्षा फार मोठी नाही.

प्रशिक्षणात आम्हाला कत्तलखान्यातून आणलेले गाईचे अवयव टेबलावर मांडून दाखवले होते. शेतकऱ्याच्या घरात जन्मून, गाईंच्यात वाढून, मी ते पहिल्यांदा पाहत होतो. गर्भाशयाचं तोंड बोटभर लांब, हाताला कोंबडीच्या मानेसारखं टणक, आत एकामागोमाग तीन-चार कडी. त्याच्या पुढं गर्भाशयाचा आखूड धड भाग, आणि तिथून फुटलेली दोन शिंगं, मेंढ्याच्या शिंगांसारखी वळलेली. शिंगाच्या टोकाला बीजवाहिनी. वीतभर लांब, वेडीवाकडी, सुतळीएवढी. तिच्या पलीकडच्या टोकाला झालरीसारखं तोंड, बीजांडातून सुटलेलं स्त्रीबीज झेलायला. शिकवणाऱ्यांनी त्या सुतळीच्या मधोमध चिमटा टेकवून सांगितलं, "सगळं होतं ते इथं." मला त्या वेळी नवल वाटलं ते अंतराचं. आपण गन टेकवणार गर्भाशयाच्या तोंडाच्या जरा पुढं. तिथून ही जागा शुक्रजंतूला किती लांब! ज्याची लांबी मिलिमीटरचा पंधरावा भाग, त्याला हात-दीड हात वाट.

लोकांना वाटतं शुक्रजंतू पोहत जातो. शर्यत लागते, पहिला येईल तो जिंकतो. मलाही तसंच वाटायचं. पण तो स्वतःच्या बळावर मिनिटाला काही मिलिमीटर जाणार, तेही सरळ नाही. त्याला नेते गाय. माजाच्या वेळी गर्भाशय आकसतं, सैल होतं, पुन्हा आकसतं, आणि त्या लाटेवर हे वर चढतात. अमेरिकेत १९५० च्या दशकात गाईंवर तपासणी झाली तेव्हा रेत सोडल्यावर काही मिनिटांतच शुक्रजंतू बीजवाहिनीत सापडले. मेलेले शुक्रजंतू सोडले तर तेही पोचले. मेलेला काय पोहणार? पुढं असंही कळलं, की हे घाईनं पोचलेले बहुधा निकामी असतात. कामाचे मागाहून येतात, सहा-आठ तासांनी, कधी त्याहून उशिरा. वाटेत फार गळतात. बरेचसे सोटाबरोबर बाहेर पडतात, पुष्कळांना गर्भाशयातल्या पांढऱ्या पेशी खाऊन टाकतात. दोन कोटींतले काही हजार बीजवाहिनीच्या अलीकडच्या अरुंद भागाशी लागतात आणि तिथं तिच्या भिंतीला डोकं टेकून थांबतात.

थांबतात, हे मला सगळ्यात आवडतं. ताजा शुक्रजंतू स्त्रीबीजात शिरूच शकत नाही. गाईच्या पोटात काही तास मुरल्यावरच त्याच्या अंगात ती ताकद येते. ही गोष्ट १९५१ साली अमेरिकेत चँग आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन अशा दोघांनी, एकमेकांपासून लांब, शोधून काढली. आमच्याकडं लोणच्याला जे म्हणतात तेच इथंही, मुरावं लागतं. मग तिकडून स्त्रीबीज सुटलं, की भिंतीला टेकलेल्यांतले थोडेथोडे सुटून पुढं निघतात. एक आत शिरला की स्त्रीबीज बाकीच्यांना दार लावून घेतं.

म्हणून मालक लोक रेतन झाल्याबरोबर गाईच्या पाठीत काठी घालायचे, पळवत घरी न्यायचे, कोणी थंड पाण्याची घागर पाठीवर ओतायचं, तेव्हा माझं डोकं फिरायचं. समज अशी की गाय बसली किंवा मुतली तर सगळं सांडतं. खरं तर मुताची वाट वेगळी, आणि गनने रेत सोडलेलं असतं ते गर्भाशयाच्या तोंडापलीकडं. ते मुतानं कसं सांडेल? पण भेदरलेल्या गाईच्या अंगात जे चढतं ते गर्भाशयाची ती लाटच अडवतं. पान्हा चोरते ना गाय, परका माणूस धारेला बसला की? तसंच आहे हे. मी म्हणायचो, बाबा, गाय घरी ने, पण लग्नाहून पाव्हणी पोचवतात तशी ने. हसायचे, आणि फाटकाबाहेर गेले की काठी उचलायचे.

पण काठीपेक्षा मोठी अडचण वेळेची होती.

आमच्या लहानपणी गावात देवाला सोडलेला खिलार वळू होता. कुणाच्याही रानात शिरायचा, शाळूची कणसं खायचा, त्याला कोणी हाकललं नाही. त्याला घड्याळ लागत नव्हतं. गाईचा वास घेऊन नाक वर करून, ओठ मुडपून उभा राहायचा आणि त्याला सगळं कळायचं. एकदा नाही, दोन-चारदा यायचा. दर वेळी अब्जावारी शुक्रजंतू, तेही गर्भाशयाच्या तोंडाच्या अलीकडंच टाकलेले. एवढी उधळण आणि एवढी अचूक वेळ, मग गाय न ठरून काय करेल? आम्ही गाईला दिली एक कांडी, एकदाच. अब्जांच्या जागी दोन कोटी. तोंडाच्या पलीकडं नेऊन सोडतो म्हणून तेवढ्यावर भागतं. पण वळूचं नाक कुठून आणणार? त्या नाकाच्या जागी आमच्याकडं एकच प्रश्न होता. कवाधरनं?

गाईची गंमत अशी, की तिचं स्त्रीबीज माज असताना सुटत नाही. माज साधारण बारा ते अठरा तास टिकतो. हंबरते, दुसऱ्या गाईंवर चढते, दुसरीला अंगावर चढू देते, शेपूट उचलते, काचेसारखा सोट टाकते, दूध चोरते. मग शांत होते. आणि शांत झाल्यावर आणखी दहा-बारा तासांनी स्त्रीबीज सुटतं. म्हणजे मालकाला वाटतं, थंडावली, आता काय उपयोग, तेव्हा खरं तर मुख्य गोष्ट व्हायचीच असते. ते सुटलेलं स्त्रीबीज जेमतेम दहा-बारा तास टिकणार. शुक्रजंतू टिकणार दिवसभर. मुरायला त्याला वेळ हवा. हे सगळं जुळवून जो नियम आला तो आम्हाला पाठ होता. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

नियम सोपा. पण माज कधी दिसला हे सांगणार कोण? गाय घेऊन येणार बाप्या. त्याला विचारलं, "कवाधरनं वरडतीया?" की ठरलेलं उत्तर, "आत्ताच की. ही काय, दावं सोडलं आन् आणली." आत्ताच म्हटलं की लगेच काम होईल आणि आपण मोकळे, असा हिशेब. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात गाईंची रांग लागायची आणि सगळ्यांच्या गाई 'आत्ताच' माजावर आलेल्या! तालुक्यातल्या गाईंना बाजाराचा वार कळतो की काय असं वाटावं. खरं तर कोणाची काल सकाळपासून, कोणाची परवापासून. एखादीच्या शेपटाला रक्ताची रेघ वाळलेली असायची. रक्त दिसलं म्हणजे माज होऊन दिवस-दीड दिवस उलटून गेला. मालक म्हणायचा, "गरमी बाहीर पडलीया."

खरं उत्तर घरात असायचं. पहाटे शेण काढायला उठणारी, धारा काढणारी, वैरण टाकणारी ती. गाय रात्री कितीदा उठली, सकाळची धार किती पेल्यांनी कमी आली, हे तिला ठाऊक. नाहीतर गुरांमागं जाणारं पोर. या दोघांना दवाखान्यात कोणी आणत नसे. बाई आलीच तर ती नवऱ्याच्या मागं लिंबाच्या झाडाकडं तोंड करून उभी. ती बोलणार नाही, आणि बोलली तर नवरा म्हणणार, "तू गप गं."

एका उन्हाळ्यातली गोष्ट आहे. पलीकडच्या वाडीवरची एक विधवा बाई, सगळे आक्का म्हणायचे. आयआरडीपीच्या कर्जावर तिला एक संकरित गाय मिळालेली. तांबडी-पांढरी, नाव हरणी. पहिलं वेत संपून दूध आटत आलेलं, आणि गाय तीनदा उलटलेली. त्या तिन्ही वेळा दुसरीकडं दाखवलेली, दिरानं नेऊन. बँकेचा हप्ता थकलेला. दिरानं व्यापारी ठरवला होता. आक्का दुपारी बाराच्या उन्हात, वाडीपासून आठ-नऊ किलोमीटर, गाय एकटीच घेऊन आली. वाटेत दोनदा सावलीला थांबवून, पाणी दाखवून. गाय घामेजलेली नव्हती, ते मी आधी पाहिलं.

"कवाधरनं, आक्का?"

"शुक्राची चांदनी उगवली तवा दोनदा वरडली. त्याच्या आदी न्हाय. रातच्याला मी जागीच हुते. धार नितीनं आली काल सांजच्याला. आज सकाळी तांब्याभर कमी." मग जरा थांबून, खाली बघत, "आन् सोट सा वाजता. तारंवानी."

तीस वर्षांत मला इतकं नेमकं उत्तर फार थोड्या वेळा मिळालं.

मी आधीच्या तीन वेळांचं विचारलं. तिला त्याही पाठ होत्या. बोटं मोडून सांगितल्या. पहिल्यांदा गाय पहाटे ओरडली आणि दीर घेऊन गेला दुसऱ्या दिवशी दुपारी, कारण त्या दिवशी त्याला तिकडं काम होतं. दुसऱ्यांदा दोन रात्री गेल्या. तिसऱ्यांदा नेली लवकर, पण मोटारसायकलमागं बांधून, पळवत. "म्या सांगिटलं हुतं भावजींना. पन बाईमान्साचं काय ऐकायचं ह्यात, म्हनलं." हे सगळं ती तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती. हिशेब देत होती.

मी म्हणालो, संध्याकाळी पाचला भरू, तोवर थांबा. ती लिंबाखाली गाईजवळ बसली. फडक्यातली भाकरी काढली, अर्धी स्वतः खाल्ली, अर्धी गाईला दिली. चारच्या सुमाराला दीर हुडकत आला. उशीर होतोय, व्यापारी थांबलाय, उरकून टाका म्हणाला. मी म्हणालो, गाय कर्जाची, कर्ज आक्काच्या नावावर, आक्का म्हणेल तेव्हा. तो फाटकाशी बिडी ओढत बसला.

पाचला गाय खोड्यात घातली. आक्कानं तिच्या कपाळाला हात लावून धरला होता. गर्भाशय हाताला ताठ लागलं, माजात लागावं तसं. गन कड्यांतून नीट गेली. सावकाश रेत सोडलं. इथं घाई करायची नसते, झटक्यानं दाबलं तर निम्मं मागं येतं. मग मी तिला सांगितलं, आता हिला जरा उभी राहू दे, ऊन उतरल्यावर सावकाश ने. काठी नको.

"काटी न्हाईच माज्याकडं," ती म्हणाली.

त्या रात्री मी मनात वेळा मांडत होतो. आठ-नऊला गाय घरी पोचली असेल. नऊ-दहाला थंडावली असेल. मध्यरात्रीच्या पुढं बीजवाहिनीच्या तोंडाशी मुक्काम पडला असेल. उद्या सकाळी नवाच्या पुढं कधीतरी, आक्का दुसऱ्याच्या रानात भांगलत असताना, हरणी गोठ्यात रवंथ करत बसलेली असताना, ते होईल. ना आवाज, ना खूण. माज पाहायला सगळी वाडी असते, गाभ धरताना कोणी नसतं.

आणि धरला तरी भरवसा नसतो, हेही सांगायला हवं. चांगल्या गाईत वेळ साधली तर दहातल्या आठ-नऊ वेळा स्त्रीबीज फळतं, पण वासरं होतात निम्म्याच्या आसपास. बाकीचे गर्भ पहिल्या काही आठवड्यांतच विरून जातात. चार-पाच दिवसांनी तो कण बीजवाहिनीतून गर्भाशयात उतरतो आणि सोळाव्या दिवसाच्या सुमाराला त्याला आईला कळवावं लागतं की मी आहे. नाही कळवता आलं तर गाय पुन्हा माजावर. लोक म्हणतात उलटली. उन्हाच्या तडाख्यानं, उपासमारीनंही हे होतं. पुढं २०१३ च्या दुष्काळात आमच्या भागात चारा छावण्या लागल्या तेव्हा शेकडो गाई एका जागी बांधलेल्या असायच्या, आणि कितीतरी महिने माजावरच यायच्या नाहीत. पोटात नसलं की गाईचं शरीर पहिल्यांदा हाच खर्च बंद करतं. तिला वांझ म्हणून बाजार दाखवणाऱ्याला मी विचारायचो, तू दोन महिने उसाच्या वाड्यावर राहून बघ.

एकविसाव्या दिवशी आक्काचा निरोप नाही. बाविसाव्या, तेविसाव्या दिवशी नाही. अडीच महिन्यांनी मी त्या वाडीवर दुसऱ्या कामाला गेलो तेव्हा हात घालून पाहिलं. उजव्या शिंगात गर्भ. गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढलेल्या होत्या, सात-सातच्या जुड्या, तीन जुड्यांनंतर एक मोठी आडवी रेघ. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईनं तेवढंच कॅलेंडर केलं होतं. व्यापारी तोवर दुसऱ्या गावाला गेला होता.

नऊ महिने नऊ दिवसांनी हरणी व्याली. गोऱ्हा झाला. संकरित गोऱ्ह्याचं काय करायचं हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. वशिंड नाही, जू बसत नाही, ऊन सोसत नाही. नर की मादी हे कांडीतला जो शुक्रजंतू पोचतो तो ठरवतो, गाय नाही. हे मी दिराला समजावून सांगितलं, कारण तो गाईलाच नावं ठेवायला लागला होता. आता फक्त कालवडींच्या कांड्या मिळतात, दहातल्या नऊ वेळा कालवड होते. तेव्हा असलं काही नव्हतं. आक्का म्हणाली, "आसूं द्या. दूध तर सुटलं." दूध नऊ लिटरांवर गेलं. हप्ते तिनं कसे फेडले ते मला ठाऊक नाही, पण गाय तिच्या दारात आणखी चार वेतं होती.

नंतर त्या वाडीवरून निरोप यायची रीत बदलली. बाप्ये बाजाराला येतच होते, पण त्यांच्या आधी शाळेला येणारी पोरं दवाखान्याच्या खिडकीशी थांबायची. पाटी-दप्तर सावरत एका दमात म्हणायची, "आयनं सांगिटलंय, आमची कपिली काल दिवा लावायच्या येळंला सुरू झालीया, सोट आजून न्हाय." नाहीतर, "आक्कानं सांगिटलंय, थोरल्या घरची म्हस रातच्या जेवनाच्या आदी." म्हशीचं वेगळं असतं, ती फारशी ओरडत नाही, तिचा माज मुका, आणि तोही रात्री-पहाटे. ते ओळखायला तर घरचीच बाई हवी.

मी घड्याळ पाहून कागदाच्या चिटोऱ्यावर वेळ लिहून द्यायचो. पोरगं ते कंपासपेटीत ठेवून शाळेकडं पळायचं.